खोडकर पऱ्या आणि त्यांची जादू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या देशांतल्या खोडकर पऱ्यांच्या गोष्टी मराठी घरांत पुस्तकांतून आणि चित्रपटांतून पोचल्या आहेत. त्या वाचून दाखवणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांना नेहमी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

परी म्हणजे गोड आणि परोपकारी असायला हवी. मग या गोष्टींतल्या पऱ्या इतका त्रास का देतात?

संकटात सापडलेल्या मुलीला मदत करणारी, भोपळ्याचा रथ करून देणारी परी ही शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहातून जगभर गेली. इंग्लंडच्या खेड्यांतली परी तिच्याहून फार जुनी, आणि स्वभावाने अगदी वेगळी आहे. ती शेतकऱ्याच्या घराभोवती, गोठ्यात आणि दूधघरात वावरते, आणि घरात रोज जे काही बिघडते त्याचे खापर तिच्यावर फुटते. साय घुसळता घुसळता हात मोडून आले तरी लोणी वर येत नाही, दूध नासते, दारू आंबतच नाही, रात्री घरी परतणारा माणूस ओळखीच्या रानात वाट चुकतो, या सगळ्यांमागे तिचाच हात असल्याचे मानले जाई.

शेक्सपिअरने १५९५-९६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात परीकुळातला खोडकर पक, म्हणजेच रॉबिन गुडफेलो, आपल्या खोड्यांचा पाढा स्वतःच वाचतो. तो भाजलेल्या रानसफरचंदाचे रूप घेऊन म्हातारीच्या पेल्यात लपतो, आणि तिने पेला ओठांना लावताच तिच्या ओठांवर आपटून सगळे पेय तिच्या गळ्यावर सांडतो. दुसरी एखादी म्हातारी गंभीर चेहऱ्याने दुःखाची गोष्ट सांगत असते, ती त्याला तिवई समजून बसायला जाते, आणि तो खालून निसटताच ती धपकन जमिनीवर पडते. जमलेले सगळे पोट धरधरून हसतात. या खोड्यांत कोणाचा जीव जात नाही, परंतु मोठ्यांचा रुबाब मात्र क्षणात उतरतो. मुलांना या गोष्टी का आवडतात याचे निम्मे उत्तर मला येथेच सापडते, कारण दिवसभर मोठ्यांचे ऐकावे लागणाऱ्या मुलाला मोठ्यांची तिवई सरकवणारा कोणीतरी हवाच असतो.

पंख आणि जादूची कांडी या पऱ्यांना होती का?

जुन्या लोककथांतल्या बहुतेक पऱ्यांना पंख नव्हते. काही लहान मुलाएवढ्या होत्या, काही माणसाएवढ्या, आणि त्या उडायच्या तेव्हा काडीवर किंवा गवताच्या पात्यावर स्वार होऊन, मंत्र म्हणून उडायच्या. फुलपाखराचे पंख अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चित्रकारांनी त्यांना चिकटवले, पुढे रंगभूमीने ते रूप उचलले, आणि एकोणिसाव्या शतकात मुलांच्या पुस्तकांतून ते पक्के झाले.

या नाजूक परीचा सर्वांत जोरदार निषेध मुंबईत जन्मलेल्या एका लेखकाने केला आहे. रड्यार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी झाला, आणि त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकवत होते. पुढे इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात स्थायिक झाल्यावर त्याने १९०६ मध्ये ‘पक ऑफ पूक्स हिल’ हे पुस्तक लिहिले. डॅन आणि यूना ही भावंडे कुरणात शेक्सपिअरच्या त्याच नाटकातले प्रवेश लागोपाठ तीनदा करतात, आणि खराखुरा पक झुडपांतून बाहेर येतो. फुलपाखराचे पंख, झिरझिरीत झगे आणि मास्तरांच्या छडीसारखी कांडी असलेल्या पऱ्यांचा विषय निघताच तो चिडतो, आणि आपली माणसे तशी कधीच नव्हती असे ठणकावून सांगतो. तो बुटका, पिंगट, टोकदार कानांचा आणि मातीत मुरलेला आहे. स्नेहसंमेलनात परी म्हणून मुलांना पंखच लावावेत असा हट्ट असेल, तर निदान एका मुलाला हा बिनपंखांचा पक करू द्यावा, अशी माझी मनापासूनची सूचना आहे.

पिक्सी, ब्राउनी आणि लेप्रेकॉन यांच्यात फरक काय?

हे तिघे तीन वेगवेगळ्या मुलखांतले रहिवासी आहेत, आणि त्यांची सरमिसळ केली की प्रत्येकाची गंमत हरवते.

पिक्सी इंग्लंडच्या नैऋत्येकडील डेव्हन, कॉर्नवॉल आणि सॉमरसेट या परगण्यांतली आहे. वाटसरूला भुलवून एकाच शेतात गोल गोल फिरवणे हा तिचा आवडता उद्योग, आणि त्यातून सुटायचे असेल तर अंगातला कोट काढून उलटा घालायचा, हा तिकडचा जुना उपाय. रात्री गोठ्यातले घोडे पळवून त्यांच्या आयाळीला गाठी मारून ठेवण्याचा आरोपही तिच्यावर असतो. डेव्हनमधल्या ऑटरी सेंट मेरी या गावात दर वर्षी जून महिन्यात पिक्सींचा दिवस साजरा होतो. चर्चच्या घंटांचा पिक्सींना त्रास होत असे, अशी तिथली आख्यायिका आहे, म्हणून पिक्सींच्या वेशातली गावची मुले घंटा वाजवणाऱ्यांना पकडून चौकातल्या लुटुपुटीच्या गुहेकडे ओढून नेतात.

ब्राउनी स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधला. घरातली माणसे झोपली की तो झाडलोट करतो, धान्य झोडपतो, राहिलेली कामे उरकतो, आणि मोबदल्यात चुलीपाशी ठेवलेली वाटीभर साय खातो. त्याची अट एकच. त्याला पगार दिलेला चालत नाही, आणि नवे कपडे दिले तर तो कायमचा निघून जातो. कोणी म्हणतात त्याला अपमान वाटतो, कोणी म्हणतात नटून थटून त्याला कामाची लाज वाटू लागते. जुलियाना होरेशिया युइंग या लेखिकेने याच समजुतीवरून १८६५ मध्ये मुलांसाठी एक कथा लिहिली, आणि त्या कथेवरूनच ब्रिटनमधल्या गर्ल गाइड्सच्या लहान मुलींच्या शाखेला ब्राउनी हे नाव मिळाले. भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये साधारण त्याच वयाच्या मुलींना आपण बुलबुल म्हणतो.

लेप्रेकॉन आयर्लंडचा. तो एकटा राहतो, जोडे शिवतो आणि सोन्याचा हंडा लपवून ठेवतो. त्याच्याविषयीची एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते. एक तरुण लेप्रेकॉनला पकडतो, नजर न हटवता त्याच्याकडून सोन्याची जागा काढून घेतो, आणि पिवळ्या रानफुलांनी भरलेल्या प्रचंड शेतातल्या नेमक्या झुडपापाशी पोचतो. खणायला फावडे नसल्यामुळे तो खुणेसाठी झुडपाला आपला तांबडा पट्टा बांधतो, आणि ‘हा सोडणार नाही’ अशी शपथ लेप्रेकॉनकडून घेऊन घराकडे धावतो. परत येऊन पाहतो तर शेतातल्या प्रत्येक झुडपाला तसाच तांबडा पट्टा बांधलेला. लेप्रेकॉनने शपथ मोडलेली नाही, त्याने एकही पट्टा सोडलेला नाही. ही गोष्ट वाचून दाखवताना शेताच्या वर्णनापाशी थोडे थांबावे, पुढे काय झाले असेल ते मुलांना विचारावे, आणि मगच पान उलटावे.

जादू आहे म्हटल्यावर काहीही होऊ शकते. मग गोष्टीत नियम कशाला हवेत?

काहीही होऊ शकत असेल तर गोष्टीत काय होते याची कोणालाच उत्सुकता उरत नाही. चांगल्या लेखकांच्या जादूला मर्यादा असते, वेळ असते आणि किंमत असते, आणि खोडी त्या मर्यादेच्या आतच खेळली जाते. पट्ट्याची गोष्ट रंगते ती शपथेच्या शब्दांमुळे. लोककथांतले नियमही असेच ठाशीव आहेत. पऱ्यांना लोखंड सहन होत नाही, त्यांच्या घरचे अन्न खाल्ले तर परत येता येत नाही, आणि त्यांच्याकडे घालवलेली एक रात्र आपल्याकडची कित्येक वर्षे ठरू शकते.

हे सूत्र मुलांच्या कादंबरीत कोणी सर्वांत सुरेख वापरले असेल तर ते एडिथ नेस्बिटने, १९०२ च्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ या पुस्तकात. केंट परगण्यातल्या वाळूच्या खाणीत खेळणाऱ्या मुलांना एक वाळूपरी सापडते. तिचे डोळे गोगलगाईसारखे लांब शिंगांच्या टोकावर, कान वटवाघळाचे, अंग कोळ्यासारखे गोल आणि लोकरीने झाकलेले, हातपाय माकडाचे. ती कमालीची तिरसट आहे आणि पाण्याला भयंकर घाबरते. दिवसाला एक इच्छा ती पुरी करते, पण सूर्य मावळला की सगळे संपते. मुले अतिशय सुंदर होण्याचा वर मागतात, तर घरातले तान्हे बाळ त्यांना ओळखत नाही आणि दाई दारातूनच हाकलून देते. ती दिवसभर उपाशी राहतात. दुसऱ्या दिवशी खाण सोन्याच्या नाण्यांनी भरून जाते, पण ती नाणी इतकी जुनी असतात की गावात कोणी दुकानदार घेत नाही. पंख मागितले तर संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यावरच अडकून पडावे लागते.

येथे वाळूपरी मुलांना शिक्षा करत नाही. मागितले तेच ती देते, शब्दशः देते, आणि मुलांच्या मागण्यात जे राहून गेले असेल तेवढ्यातूनच सारा घोटाळा उभा राहतो. प्रत्येक प्रकरण संपल्यावर घरच्या मुलांना ‘तू काय मागितले असतेस?’ असे विचारले, तर ती स्वतःच्या इच्छेतल्या पळवाटा शोधू लागतात, आणि हा विचार पुस्तकापुढेही बराच काळ चालू राहतो.

टिंकर बेल इतकी मत्सरी का आहे? चित्रपटात तर ती गोड दिसते.

जे. एम. बॅरीचे ‘पीटर पॅन’ हे नाटक लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये २७ डिसेंबर १९०४ रोजी प्रथम रंगमंचावर आले. त्यात पीटरची सोबतीण परी टिंकर बेल हिला शरीरच नव्हते. अंधारात भिरभिरणारा प्रकाशाचा ठिपका आणि घंटीची किणकिण, एवढीच ती. १९११ च्या कादंबरीत ती अधिक तपशिलाने भेटते. भांडी आणि किटल्या सांधणे हे तिचे काम, बोलणे फटकळ, आणि पीटरबरोबर आलेल्या वेंडी या मुलीविषयी मनात इतका राग की पीटरचाच हुकूम असल्याचे खोटे सांगून ती त्याच्या टोळीतल्या मुलांकडून वेंडीवर बाण सोडवते. तीच टिंकर बेल पुढे पीटरसाठी ठेवलेले विष स्वतः पिऊन त्याला वाचवते.

बॅरीने याचे कारण फार सुंदर दिले आहे. पऱ्या इतक्या लहान असतात की त्यांच्यात एका वेळी एकच भावना मावते, म्हणून त्या एका क्षणी पूर्ण वाईट असतात आणि दुसऱ्या क्षणी पूर्ण चांगल्या. चार वर्षांच्या मुलाचा राग ज्याने जवळून पाहिला आहे त्याला यातले सत्य समजावून सांगावे लागत नाही. टिंकर बेलला नुसती गोड करून टाकली की तिच्या त्या विष पिण्यालाही काही अर्थ राहत नाही, म्हणून मूळ कादंबरीतली टिंकर बेल मुलांना अवश्य भेटवावी.

मुलाने गोष्ट खरी मानून उडायचा प्रयत्न केला तर?

ही काळजी नवी नाही आणि अनाठायीही नाही. ‘पीटर पॅन’ पाहून घरी गेलेल्या काही मुलांनी पलंगावरून उडी मारून पाहिली आणि त्यांना दुखापत झाली, तेव्हा पालकांच्या विनंतीवरून बॅरीने नाटकात भर घातली की अंगावर परीची धूळ पडल्याशिवाय कोणालाही उडता येत नाही. त्याने स्वतःच पुढे नाटकाच्या छापील आवृत्तीच्या अर्पणपत्रिकेत हे नमूद केले आहे. पालकांनीही हाच मार्ग धरावा. ‘असले काही नसते’ असे म्हणून गोष्ट मोडण्यापेक्षा गोष्टीतलाच नियम पुढे करावा, तो मुलांना लगेच पटतो. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत मात्र नियम सांगून निर्धास्त होऊ नये, खिडक्या आणि गच्चीचे दार बंद ठेवावे.

पऱ्यांची खरी छायाचित्रे काढली गेली होती, हे खरे आहे का?

छायाचित्रे काढली गेली होती, पण त्यांतल्या पऱ्या कागदाच्या होत्या.

यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळच्या कॉटिंगली गावी १९१७ साली सोळा वर्षांची एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स एकाच घरात राहत होत्या. घरामागच्या ओढ्यावर खेळून फ्रान्सिस ओली होऊन येई, बोलणी खाई, आणि आपण पऱ्या पाहायला जातो असे सांगे. त्या दोघींनी एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा मागून घेतला, आणि छायाचित्राची काच रसायनात धुतल्यावर फ्रान्सिससमोर नाचणाऱ्या पऱ्या उमटल्या. वडिलांचा विश्वास बसला नाही. पुढे एल्सीच्या आईने थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सभेत ही गोष्ट सांगितली, ती संस्थेतले एडवर्ड गार्डनर यांच्यापर्यंत आणि त्यांच्यामार्फत शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांच्यापर्यंत गेली. १९२० मध्ये मुलींनी आणखी तीन छायाचित्रे काढून दिली, त्याच वर्षी डिसेंबरच्या ‘स्ट्रँड’ मासिकात डॉइल यांनी १९१७ च्या पहिल्या दोन छायाचित्रांवर लेख लिहिला, आणि १९२२ मध्ये त्यांचे या विषयावरचे पुस्तकही आले.

दोघींनी १९८३ मध्ये, म्हातारपणी, कबुली दिली. १९१४ च्या एका भेटपुस्तकातल्या नर्तिकांच्या चित्रांवरून एल्सीने पऱ्या रेखाटल्या होत्या, त्या कापून टोपीला लावायच्या लांब टाचण्यांनी गवतात उभ्या केल्या होत्या. त्याच भेटपुस्तकात डॉइल यांची स्वतःची एक कथा छापलेली होती. पाचवे छायाचित्र मात्र खरे आहे, असे फ्रान्सिस शेवटपर्यंत म्हणत राहिली.

दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी ही हकीकत अतिशय मोलाची आहे. त्यांना चित्रे दाखवावीत, आणि पऱ्यांच्या केशरचना त्या काळच्या शहरी फॅशनच्या आहेत हे त्यांचे त्यांना दिसू द्यावे. तसेच डॉइल यांना मूर्ख ठरवून विषय संपवू नये. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांचा मुलगा आणि युद्ध संपल्यावर लवकरच भाऊ गेला होता, आणि दिसणाऱ्या जगापलीकडे काही आहे यावर विश्वास ठेवण्याची त्यांची ओढ त्यामुळे वाढली होती, हेही मुलांना समजते.

बाळ पळवून नेणाऱ्या पऱ्यांच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात का?

पाळण्यातले बाळ नेऊन त्याजागी आपले किरकिरे पोर ठेवून जाणाऱ्या पऱ्या या लोककथांचा काळोखा भाग आहेत. ज्या घरात नुकतेच धाकटे भावंड आले आहे तिथे त्या मुळीच सांगू नयेत. आजारी किंवा वेगळ्या वाढीच्या मुलांना पूर्वी याच समजुतीपायी क्रूर वागणूक मिळाली होती, म्हणून मोठ्या मुलांना सांगतानाही हा इतिहास झाकू नये.

आपल्याकडे अशा खोडकर अदृश्य शक्ती आहेत का?

पिक्सीने वाट चुकवणे वाचताच कोकणातल्या किंवा देशावरच्या कोणत्याही आजीला चकवा आठवेल, कारण चकवा लागलेला माणूसही रात्रभर चालून पुन्हा त्याच झाडापाशी येतो. चुलीपाशी साय ठेवून ब्राउनीला राजी राखणे आणि गोव्यात किंवा सिंधुदुर्गात राखणदाराला रोट देणे, या दोहोंत अदृश्य शेजाऱ्याशी सलोखा राखण्याची एकच वृत्ती दिसते.

साम्य इथवरच ताणावे. साती आसरा या पाण्याकाठच्या देवता आहेत, राखणदारही पूज्य आहे, आणि त्यांची आजही श्रद्धेने पूजा होते. त्यांना आयत्या ‘मराठी पऱ्या’ करून टाकणे मला योग्य वाटत नाही. चकव्याची गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगावी, आणि शक्य असेल तर गावाकडच्या माणसाच्या तोंडून ऐकवावी.

माझ्या मुलीला अशी गोष्ट लिहायची आहे. तिला काय सांगू?

तिला आधी परीचे नाव ठरवू देऊ नका, परीला काय करता येत नाही ते ठरवू द्या. नंतर परी घरातल्या कोणत्या कोपऱ्यात राहते ते ठरू द्या, कारण या पऱ्या नेहमी एखाद्या ओळखीच्या जागेला चिकटलेल्या असतात. कुकरच्या शिट्ट्या मोजू न देणारी किंवा शाळेच्या दप्तरातली एकच वही रोज बदलणारी परी मुलांना पटकन सुचते आणि तिची गोष्ट पुढे सरकते. शुद्धलेखन गोष्ट पुरी झाल्यावर तपासावे.

ही पुस्तके कोणत्या वयात वाचावीत, आणि ती विनामूल्य मिळतात का?

पट्ट्याची आणि ब्राउनीची गोष्ट पाच वर्षांच्या मुलालाही तोंडी सांगता येते. वाळूपरी आठ वर्षांपासून चालते, ‘पीटर पॅन’ची कादंबरी नऊ-दहापासून, आणि किपलिंगचा पक त्याहून थोड्या मोठ्या मुलांसाठी, कारण त्यात इंग्लंडचा इतिहास बराच आहे.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. नेस्बिटचे १९२४ मध्ये, किपलिंगचे १९३६ मध्ये आणि बॅरीचे १९३७ मध्ये निधन झाले, त्यामुळे त्यांची मूळ पुस्तके येथे मुक्त आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर इंग्रजीत वाचता येतात. ब्रिटनमध्ये ‘पीटर पॅन’ची गोष्ट थोडी निराळी आहे. बॅरीने त्याचे हक्क १९२९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला दिले, आणि १९८८ च्या कायद्याने तिथले मानधन त्या रुग्णालयाला कायम मिळत राहील अशी तरतूद केली. इंग्रजी जड जाणाऱ्या मुलांना रोज एक प्रकरण आपण वाचून मराठीत सांगावे. वाळूपरीच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रकरण एका इच्छेचे आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.